शॉकअपचं तेल मोजताना: मिली ओता, पण मिमी बघा

मुंबईत, विक्रोळीच्या कन्नमवार नगरात आमच्या इमारतीखाली मी पहिल्यांदा बाइकच्या पुढच्या शॉकअपचं तेल बदललं, तेव्हा सगळं पुस्तकाबरहुकूम केलं होतं. मॅन्युअलमध्ये एका शॉकअपला १७० मिली लिहिलं होतं, मी १७० मिली मोजून ओतलं. तिसऱ्या दिवशी पूर्व द्रुतगती महामार्गावर पुढचं चाक एका खड्ड्यात आदळलं. संध्याकाळी बघतो तर डाव्या पाइपवर तेलाचं कडं, खाली बॉटमवर ओघळ, आणि ओघळाचा रोख सरळ ब्रेकच्या डिस्ककडे. सील गेलं होतं.

सील जुनंच होतं, त्यामुळे सगळं खापर माझ्यावर फोडायचं की नाही हे मी अजून ठरवलेलं नाही. पण माप चुकलं होतं हे नक्की. १७० हा आकडा पूर्ण सुटा करून, धुऊन-पुसून कोरड्या केलेल्या शॉकअपचा होता. मी फक्त उलटा करून तेल काढलं होतं. आत पंधरा-वीस मिली जुनं तेल चिकटून होतं, त्यावर मी पुरे १७० ओतले. वीस मिली म्हणजे कटिंग चहाच्या ग्लासात तळाला उरतं तेवढं. शॉकअपच्या आत मात्र तेवढ्यानं पातळी चार सेंटीमीटर वर जाते.

हा लेख त्या चार सेंटीमीटरबद्दल आहे. गाडी उघडायची-जोडायची माहितीही देतो, पण थोडक्यात. लोक घसरतात ते मोजण्यात, म्हणून जास्त वेळ तिथेच घालवणार आहे.

एक अट आधीच सांगतो. इथलं सगळं साध्या टेलिस्कोपिक फोर्कला लागू आहे: वर चकचकीत पाइप, खाली अॅल्युमिनियमचा बॉटम, आत एक स्प्रिंग आणि डँपर रॉड. रस्त्यावरच्या बहुतेक १०० ते २०० सीसीच्या गाड्या यात मोडतात. जाड भाग वर आणि बारीक भाग खाली असलेले यूएसडी फोर्क किंवा कार्ट्रिजवाले फोर्क असतील तर थांबा. त्यांची मोजण्याची रीत वेगळी असते, खास हत्यारं लागतात, आणि काहींमध्ये तर डाव्या-उजव्या बाजूला तेलाचं मापही सारखं नसतं.

तेलावरची हवा

शॉकअपमधलं तेल दोन कामं करतं. डँपर रॉडच्या बारीक भोकांतून ये-जा करताना ते स्प्रिंगची उसळी आवरतं, हे सगळ्यांना माहीत असतं. दुसरं काम सहसा कुणी सांगत नाही. तेल आत जागा अडवतं, आणि त्याच्या वर जी हवा उरते ती बंद डब्यात कोंडलेली असते. शॉकअप दबला की ती हवा दबते. म्हणजे लोखंडी स्प्रिंगच्या जोडीला एक हवेची स्प्रिंगही काम करत असते, आणि ती शेवटच्या टप्प्यात झपाट्यानं कडक होत जाते.

ढोबळ हिशेब करू. शॉकअप पूर्ण दाबलेला असताना तेलावर १५० मिमी हवा आहे आणि शॉकअपची चाल १२० मिमी आहे असं धरा. उघडा असताना हवेचा स्तंभ २७० मिमी, दबल्यावर १५०. दाब १.८ पट. आता तेल ४० मिमी वर आलं. २३० चे ११० झाले, दाब २.१ पट. वातावरणाच्या दाबापेक्षा जादा किती, असं पाहिलं तर ०.८ वरून १.१ वर गेला, म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाढ. यात स्प्रिंगनं अडवलेली जागा धरलेली नाही, ती धरली तर फरक आणखी वाढतो. हा सगळा दाब झेलतं कोण? रबराचं ऑइल सील.

तेल कमी पडलं तर उलटं होतं. हवा जास्त, म्हणून शेवटचा आधार नाही. ब्रेक मारला की नाक खाली जातं, पेव्हर ब्लॉक उखडलेल्या रस्त्यावर ‘ठक्’ असा आवाज येतो, हँडलला धक्का बसतो. आणि दोन्ही बाजूंत माप वेगळं असेल तर एक शॉकअप दुसऱ्याच्या आधी कडक होतो, एक्सलला पीळ बसतो.

हे लक्षात आलं की मॅन्युअलमधले दोन आकडे कशासाठी असतात ते कळतं. एक मिलीचा: किती ओतायचं. दुसरा मिमीचा, ‘ऑइल लेव्हल’ नावाचा: शॉकअप पूर्ण दाबलेला, स्प्रिंग बाहेर, उभा धरलेला, अशा अवस्थेत पाइपच्या वरच्या कडेपासून तेलापर्यंतचं अंतर. हे अंतर वरून खाली मोजतात. म्हणजे आकडा मोठा तर तेल कमी, आकडा लहान तर तेल जास्त. घाईत इथे उलटं होतं. ‘१६० हवेत आणि १५० भरलेत, दहा कमी आहेत’ म्हणून आणखी ओतणारे मी पाहिलेत.

काही जपानी मॅन्युअलांत मिलीचेही दोन आकडे असतात, एक नुसतं तेल बदलताना आणि दुसरा पूर्ण खोलून कोरडा केल्यावर. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांच्या पुस्तकात एकच असतो आणि तो कोणत्या अवस्थेतला हे लिहिलेलं नसतं. तो कोरड्याचा आहे असं समजून चाला.

मोजायचं सामान

मोजपात्र २५० मिलीचं, उंच आणि अरुंद घ्या. पसरट बीकर नको. बीकरवरच्या रेघा अंदाजापुरत्या असतात, आणि भांडं जितकं रुंद तितकी एका रेघेची चूक महाग पडते. प्रिन्सेस स्ट्रीटला, म्हणजे शामळदास गांधी मार्गावर, प्रयोगशाळेच्या सामानाची दुकानं आहेत. तिथे प्लास्टिकचं मोजपात्र मिळतं. काचेचं घेऊ नका, तेलकट हातातून निसटतं. बाळाची दुधाची बाटली, कफ सिरपचं झाकण, पाण्याच्या बाटलीवर मार्करनं मारलेली रेघ हे सगळे प्रकार मी करून पाहिलेत आणि सोडलेत.

नवं मोजपात्र आणलं की आधी त्याची परीक्षा घ्या. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवून शून्य करा आणि २०० ग्रॅम पाणी ओता. पाणी २०० च्या रेघेवर यायला हवं. तीन-चार मिली इकडेतिकडे असेल तर ती चूक भांड्यावरच लिहून ठेवा.

काटा आणलाच आहे तर तो परत ठेवू नका. शॉकअपचं तेल पाण्याहून हलकं असतं, एका मिलीला साधारण ०.८५ ते ०.८८ ग्रॅम. नेमका आकडा कंपनीच्या माहितीपत्रकात घनता म्हणून दिलेला असतो. ०.८६ धरलं तर १७० मिली म्हणजे १४६ ग्रॅम. वजनाचा फायदा असा: मोजपात्रातून तेल ओतलं की दोन-तीन मिली भिंतीला चिकटून राहतंच. पण बाटलीचं वजन ओतण्यापूर्वी आणि ओतल्यानंतर केलं, थेट बाटलीतून ओतलं, तर जितकं कमी झालं तितकंच आत गेलं. चिकटण्याचा प्रश्नच नाही. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा आई म्हणाली, ‘‘अरे, त्याच काट्यावर मी साबुदाणा मोजते.’’ तेव्हापासून काट्यावर आधी प्लास्टिकची पिशवी चढते.

पातळी मोजायला स्टीलची ३० सेंटीमीटरची फूटपट्टी हवी. १५ ची पुरत नाही. पट्टीचा शून्य नेमका टोकाला असतो की थोडा आत, ते बघा. औषधाच्या दुकानातून ५० मिलीची सिरिंज आणि एक सलाइनचा सेट आणा. त्याची नळी हातभर कापून सिरिंजच्या चोचीवर दाबून बसवा. नळी लवचीक असल्यामुळे आत गेली की वळते, म्हणून तिला आधार लागतो. तो मुंबईत प्रत्येक घरात फुकट पडलेला असतो: मोडलेल्या छत्रीची काडी. एक सरळ काडी घ्या, नळी तिला टेपनं लावा, दोघांची टोकं एका पातळीत आणि सरळ कापा. शेवटी कपड्याचा एक घट्ट चिमटा. याचा उपयोग पुढे सांगतो.

तेल कोणतं? मॅन्युअल सांगेल ते. एवढंच लक्षात असू द्या की १०डब्ल्यू लिहिलेली दोन कंपन्यांची तेलं सारखीच घट्ट असतील असं नाही. खरी तुलना माहितीपत्रकात ४० अंशांना दिलेल्या सेंटिस्टोकच्या (घट्टपणाच्या एककाच्या) आकड्यानं होते. गॅरेजमध्ये उरलेलं २०डब्ल्यू-४० इंजिन ऑइल शॉकअपमध्ये घालायची पद्धत आहे. ते ४० अंशांना शंभर सेंटिस्टोकच्या वर असतं, आणि १०डब्ल्यूचं शॉकअपचं तेल तिशीच्या आसपास. गाडी मग लाकडासारखी चालते आणि मालक म्हणतो, ‘मस्त कडक झाली.’ आणखी एक: दोन्ही बाजूंना मिळून ३४० मिली लागणार असेल तर ३५० ची एकच बाटली आणू नका. सांडणं, चिकटणं, आत फिरवून टाकून देणं यात दहा मिली कधीच संपतात.

टॉप बोल्टचे (पाइपच्या तोंडावरच्या झाकणाचे) ओ-रिंग, सीलचा एक जोड आणि खालच्या अॅलन बोल्टचं तांब्याचं वायसर हे तेलाबरोबरच आणून ठेवा. नागदेवी स्ट्रीटच्या बाजारात सील मापावर मिळतात, जुन्या सीलवरचे तीन आकडे वाचून सांगा.

उतरवणं

डबल स्टँड असेल तर उत्तम. इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा किंवा जॅक लावून पुढचं चाक अधांतरी करा आणि मागचं चाक वीट लावून अडवा. चाक काढण्याआधी दोन गोष्टींचा फोटो काढा: वायरी-केबल कुठून गेल्यात, आणि पाइप वरच्या टीच्या (दोन्ही पाइप धरून ठेवणाऱ्या क्लँपच्या) वर किती मिमी डोकावतोय. ते अंतर पट्टीनं मोजून लिहा. जोडताना दोन्हीकडे तेच लागतं.

क्रम महत्त्वाचा. आधी वरच्या टीचा बोल्ट ढिला करा, खालचा तसाच आवळलेला ठेवा, आणि आताच टॉप बोल्ट अर्धा-पाऊण फेरा सैल करून घ्या. शॉकअप एकदा हातात आला की टॉप बोल्ट फिरवायला पकड मिळत नाही, आणि मग व्हाइसमध्ये पाइप धरून त्याला ओरखडे पाडायचा मोह होतो. त्यानंतर ब्रेकचा कॅलिपर (डिस्कला पकडणारा भाग) काढून दोरीनं वर टांगा, ब्रेकच्या नळीवर लोंबू देऊ नका, आणि चाक निघाल्यावर ब्रेक दाबू नका. चाक, मडगार्ड, मग खालच्या टीचा बोल्ट. शॉकअप पिळत-पिळत खाली येतो.

टॉप बोल्ट पूर्ण काढताना खाली स्प्रिंग दाबून बसलेली असते. तळहात वर टेकवून, चेहरा बाजूला ठेवून शेवटचे आटे सोडा. स्प्रिंग वर कुठलं टोक होतं ते बघून ठेवा. बऱ्याच स्प्रिंगांचे वेढे एका बाजूला जवळ आणि दुसऱ्या बाजूला लांब असतात. ती बादलीवर टांगून ठेवा, तिच्या अंगावरही बरंच तेल असतं.

जुनं तेल: फेकण्याआधी मोजा

शॉकअप उलटा करून तेल भांड्यात ओता. मग पाइप आत-बाहेर सावकाश दहा-बारा वेळा करा, कारण डँपर रॉडच्या खाली अडकलेलं तेल नुसतं उलटं धरून येत नाही. भडभड थांबली की वीस-तीस मिनिटं उलटाच टेकवून ठेवा. वेळ असेल तर रात्रभर.

वास येईल. सुकट टांगलेल्या गल्लीत वाढलेल्या माणसालाही तो वास झेपत नाही. तरीही डाव्या-उजव्याचं तेल वेगवेगळ्या भांड्यात धरा आणि वेगवेगळं मोजा. हा आकडा नव्या तेलाचं माप नाही. ‘जेवढं निघालं तेवढंच भरायचं’ हा सल्ला गॅरेजमध्ये सर्रास ऐकू येतो आणि तो चूक आहे. जुनं तेल काही प्रमाणात गळून गेलेलं असतं, काही आत उरलेलं असतं, आणि आधीच्या माणसानं किती भरलं होतं कोण जाणे. पण निदान म्हणून हा आकडा सोन्यासारखा आहे. एका बाजूनं १५० आलं आणि दुसरीकडून ११०, तर कमीवाल्या बाजूचं सील बहुधा गळतंय, मग पाइपवर ओल दिसो वा न दिसो. आमच्याकडे ओल बऱ्याचदा धुळीत मुरून जाते.

रंगही बघा. राखाडी, चंदेरी झाक म्हणजे आतल्या भागांची झीज, ती थोडीफार असतेच. दुधाळ, चहाच्या रंगाचं आलं तर पाणी शिरलंय. दोन पावसाळे साचलेल्या पाण्यातून गेलेल्या गाडीत हे आश्चर्याचं नाही. अशा वेळी डस्ट सील आणि ऑइल सील बदला आणि पाइपवर गंजाचे बारीक खड्डे नखानं चाचपून बघा. खारी हवा आणि पार्किंगमधली ओल यांनी क्रोम फुटतं. नख अडकलं तर नवं सीलही महिनाभरात जाईल.

आतून धुवायला पेट्रोल वापरू नका, जिन्याखाली तर मुळीच नको. नव्या तेलातलं ५० मिली आत घालून दहा वेळा पाइप वर-खाली करा आणि ते ओतून टाका. थोडा खर्च आहे, पण आत जे उरतं ते निदान तेलच असतं. दुसरं काही उरलं तर ते नवं तेल पातळ करतं.

हे सगळं तेल गटारात ओतू नका. आपली पावसाळी गटारं नाल्यातून सरळ खाडीत आणि समुद्रात जातात. वापरलेलं तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात येतं. बाटलीत भरून जवळच्या गॅरेजच्या पिंपात द्या, त्यांच्याकडून ते पुढे उचललं जातं.

भरणं आणि पंप करणं

मॅन्युअलचा आकडा १७० आहे आणि शॉकअप खोललेला नाही असं धरू. मी सुरुवातीला १४५ ते १५० ओततो. मुद्दाम कमी. घालणं सोपं असतं, आणि पुढे पातळी पाहून घालायचंच आहे.

मोजपात्र वापरत असाल तर ते सपाट जागी ठेवा, हातात धरू नका. डोळा रेघेच्या पातळीवर आणा, म्हणजे सरळ जमिनीवर बसा. तेलाचा पृष्ठभाग काठाशी किंचित वर चढलेला दिसतो. मोजायचं मधल्या खोलगट भागाचं. ओतून झाल्यावर पात्र शॉकअपवर मिनिटभर उलटं धरून ठेवा. ‘मुंबईच्या उन्हात तेल फुगतं का?’ असं एका मित्रानं विचारलं होतं. फुगतं, पण दहा अंशांच्या फरकानं १७० मिलीत जेमतेम सव्वा मिली. त्याची चिंता नको.

आता असा टप्पा, जो गाळला तर पुढचं सगळं मोजणं वाया जातं. पाइप आत-बाहेर पूर्ण चालीनं, सावकाश, दहा-बारा वेळा करा. सुरुवातीला हात हलका जातो, मध्येच ‘गुडगुड’ होतं. तेल डँपर रॉडच्या खाली आणि भोकांत शिरतंय, तिथली हवा वर येतेय. दोन्ही दिशांना सारखा, घट्ट रोध लागायला लागला की झालं. झटके देऊ नका, फेस होतो आणि वरून कारंजं उडतं. तळहातानं तोंड झाकलेलं बरं.

हे न करता पातळी मोजली तर तेल वर दिसतं. तुम्ही खूश होऊन झाकण लावता, आणि पहिल्याच फेरीत अडकलेली हवा सुटून पातळी खाली जाते. मग ‘मोजून भरलं तरी कमी कसं पडलं’ हे कोडं सुटत नाही.

पंप झाल्यावर शॉकअप उभा ठेवून दहा मिनिटं सोडून द्या. बुडबुडे वर येऊ देत. चहा घ्या. तोवर दुसरी बाजू भरून पंप करून होते.

पातळी: छत्रीची काडी आणि चिमटा

शॉकअप पूर्ण दाबा, म्हणजे पाइप बॉटमच्या तळाशी टेकला पाहिजे. स्प्रिंग बाहेरच. ती आत ठेवणं ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून आकडा देतो: पोलादाची ३०० ग्रॅमची स्प्रिंग जवळपास ३८ मिली जागा खाते. ती पूर्ण तेलात बुडत नाही हे खरं, पण स्प्रिंग आत ठेवून घेतलेल्या मापाचा पुस्तकातल्या आकड्याशी काही संबंध उरत नाही.

उभं म्हणजे खरंच उभं. २५ मिमी आतल्या व्यासाचा पाइप दहा अंश कलला तर एका कडेचं आणि समोरच्या कडेचं माप चार मिमीनं वेगळं येतं. मी शॉकअप खिडकीच्या ग्रिलला सुतळीनं बांधतो आणि शेजारी दोऱ्याला एक नट लोंबकळत ठेवतो. गवंड्याचा ओळंबा असतो तसा. दोन बाजूंनी बघून पाइप दोऱ्याला समांतर केला की पुरे. बॉटम वाळूच्या बादलीत रोवूनही चालतं, फक्त वाळू आत उडणार नाही एवढं बघा.

आता नुसती फूटपट्टी आत सोडून ओल कुठपर्यंत आली ते बघता येतं, पण तेल पारदर्शक, पट्टी चकचकीत, आत अंधार. मोबाइलची बॅटरी धरूनही दोन-तीन मिमीची चूक होते. म्हणून छत्रीची काडी. मॅन्युअलमधलं अंतर १६० मिमी असेल तर काडीच्या टोकापासून १६० मिमीवर चिमटा घट्ट लावा, आणि पट्टीनं पुन्हा तपासा. काडी आत सोडा. चिमटा पाइपच्या तोंडावर आडवा टेकतो. नळीचं टोक बरोबर १६० मिमी खोल आहे.

सिरिंज ओढा. नुसती हवा आली तर तेल पातळीच्या खाली आहे. काडी काढा, ५-५ मिली तेल घाला, मिनिटभर थांबा, पुन्हा ओढा. तेल येऊ लागलं की ओढत राहा. एका क्षणी नळीत तेल-हवा-तेल अशी माळ दिसते आणि स्ट्रॉनं उसाच्या रसाचा तळ ओढल्यासारखा आवाज येतो. पातळी नळीच्या टोकाला आली. अर्धा मिनिट थांबून एकदा परत ओढा, भिंतीवरून निथळलेलं येतं.

चिमटा न हलवता तीच काडी दुसऱ्या शॉकअपमध्ये टाका. चिमटा लावताना एखाद्या मिमीची चूक झाली असेल तर ती दोन्हीकडे सारखीच झाली. दोन्ही बाजू सारख्या असणं हे मी नेमक्या आकड्याच्याही वर ठेवतो. एक-दोन मिमीपलीकडचा फरक राहू देत नाही.

इथे एक छोटा प्रयोग करून ठेवा. पातळी जमली की पट्टीनं अंतर मोजा, सिरिंजनं बरोबर १० मिली घाला, परत मोजा. माझ्या गाडीत १० मिलीला २० मिमी फरक पडतो. हिशेबही तेच सांगतो: २५ मिमी आतला व्यास म्हणजे ४.९ चौरस सेंटीमीटर, म्हणून एक मिली दोन मिमी चढतो. मोठ्या गाडीच्या ३२ मिमी आतल्या व्यासात तेच १० मिली फक्त साडेबारा मिमी चढतात. आपल्या गाडीचा हा भाव एकदा कळला की ‘पाच मिलीनं काय होतं’ याचं उत्तर मिमीत देता येतं. घातलेले १० मिली परत ओढून घ्यायला विसरू नका. मी विसरलो होतो.

पुस्तकात मिमी दिलेच नसतील तर

हे बऱ्याच गाड्यांत होतं. मग मिमी आपणच शोधायचे. एक शॉकअप, सील बदलायचं असतंच तेव्हा, पूर्ण खोला: खालचा अॅलन बोल्ट, डँपर रॉड, सगळं सुटं करून पुसा, कोरडं करा. जोडून, नवं वायसर लावून, वजनावर मोजून बरोबर पुस्तकातले मिली घाला. पंप करा, दहा मिनिटं थांबा, पूर्ण दाबा, पातळी मोजा. जो आकडा येईल तो तुमच्या गाडीचा मिमीचा आकडा. दुसरी बाजू खोलायची गरज नाही, ती काडीनं याच पातळीवर आणा. पुढच्या वेळीही हाच आकडा लागेल. मी तो सीटच्या खाली स्टिकरवर लिहिलाय, तारीख आणि तेलाच्या नावासकट.

बंद करणं

मोजलं दाबून, पण झाकण लावायचं उघडून. पाइप पूर्ण बाहेर ओढा, स्प्रिंग पूर्वीच्याच दिशेनं हळू सोडा, टॉप बोल्टला नवं ओ-रिंग आणि तेलाचं बोट लावा. शॉकअप दाबलेला असताना झाकण आवळलं तर आत हवा कमी कोंडली जाते आणि वर एवढी मेहनत करून ठरवलेला हवेचा हिशेब बिघडतो. पहिले दोन-तीन आटे हातानंच लावा. वाकडे लागले तर पाइपचे आटे जातात आणि पाइप स्वस्त नाही. शेवटचं आवळणं शॉकअप खालच्या टीमध्ये बसवून, वरची टी ढिली असताना.

वर डोकावणारं अंतर लिहून ठेवलं होतं, ते दोन्हीकडे जुळवा. चाक, मडगार्ड, कॅलिपर लावा. एक्सलचा बाजूचा बोल्ट ढिला असतानाच गाडी खाली घेऊन, पुढे दाबून पाच-सहा वेळा शॉकअप खेळवा म्हणजे दोन्ही बाजू आपापल्या जागी बसतात, मग आवळा. सगळे बोल्ट मॅन्युअलच्या टॉर्कनं. गाडी हलवण्याआधी ब्रेकचा लिव्हर कडक होईपर्यंत दाबा. कॅलिपर काढला होता, पहिला दाब पोकळ जातो. आमच्या इमारतीच्या उतारावर एकाची गाडी अशीच गेटवर गेली होती, वॉचमनच्या खुर्चीपर्यंत.

पाइपवर, डस्ट सीलला टेकेल असा एक झिप टाय सैलसर बांधा आणि रोजच्या रस्त्यावरून दोन-तीन दिवस फिरा. झिप टाय किती वर सरकला त्यावरून शॉकअपची किती चाल वापरली ते दिसतं. रोजच्या खड्ड्यांत तो पार टोकाला जात असेल आणि ‘ठक्’ ऐकू येत असेल तर पातळी पाच मिमी वर आणा, म्हणजे माझ्या गाडीत अडीच मिली प्रत्येकी. उलट मोठ्या खड्ड्यातही चालीचा तिसरा हिस्सा शिल्लक राहत असेल आणि शेवटी भिंतीवर आदळल्यासारखं लागत असेल तर पाच मिमी खाली. एका वेळी पाच, त्याहून जास्त नाही, आणि मॅन्युअलनं दिलेल्या मर्यादेच्या वर तेल कधीच नाही.

आठवड्यानं दोन्ही पाइपवरून पांढरा टिश्यू फिरवा. पुसट, कोरडा डाग चालतो, तो सीलवर लावलेल्या तेलाचा असतो. ओलं कडं उमटलं तर गाडी बाजूला लावा आणि आधी डिस्क बघा.